दावा न लढवता वाद मिटतो कसा? लोकअदालत, मध्यस्थी आणि कोकणातली सामायिक जमीन

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की कोकणातल्या वाड्यावाड्यांत नोटिसा येऊ लागतात. कुणाचं बँकेचं कर्ज थकलेलं, कुणाची ग्रामपंचायतीची घरपट्टी राहिलेली, कुणाचा चेक वटलेला नाही, तर कुणाच्या आजोबांनी घातलेला वाटपाचा दावा अजून चालू आहे. कागदावर न्यायालयाचा शिक्का असतो. तो बघून घरातल्यांची खात्री पटते की आता आपल्यावर केस झाली. मग मुंबईला फोन जातो, मुंबईकर म्हणतो "गणपतीला येतो तेव्हा बघू", आणि कागद फळीवरच्या डब्यात जातो.

दुसरीकडे, २०२५च्या जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण आणि सर्वोच्च न्यायालयाची मध्यस्थी समिती यांनी 'राष्ट्रासाठी मध्यस्थी' ही मोहीम चालवली. तालुक्याच्या न्यायालयापासून उच्च न्यायालयापर्यंत जुने दावे चाळून पक्षकारांना विचारलं गेलं, मध्यस्थाकडे जाता का? ज्यांनी आयुष्यात फक्त 'तारीख पे तारीख' अनुभवली त्यांना या प्रश्नाचा अर्थच लागेना. मध्यस्थ म्हणजे कोण? त्याचं ऐकावंच लागतं का? तिथे सही केली तर जमीन जाते का?

या प्रश्नांची उत्तरं फारशी अवघड नाहीत. पण एक गोष्ट आधी पक्की करून ठेवू. तडजोड काय झाली याइतकंच ती कुठे नोंदली गेली आणि त्यावर कुणाकुणाच्या सह्या आहेत याला महत्त्व आहे. अंगणात पाच माणसांसमोर झालेली तडजोड आणि लोकअदालतीत झालेली तडजोड, शब्द न् शब्द सारखी असली तरी कायद्याच्या नजरेत त्यांचं वजन सारखं नसतं.

दावा लढवला तर काय काय होतं

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, कोकणात घरोघरी ओळखीचं. देवगडकडच्या एका गावात सामायिक घर आहे, मागे साठेक कलमांची बाग. सातबारावर दोन चुलत भावांची नावं आणि दोघांच्या मिळून तीन बहिणी, त्यांची नावं लागलेलीच नाहीत. धाकटा गावात राहतो. फवारणी, राखण, काढणी तोच करतो. थोरला डोंबिवलीला. एका मे महिन्यात थोरला येतो आणि म्हणतो, "बागेत माझाही अर्धा वाटा आहे." धाकटा म्हणतो, "वीस वर्षं खत कोणी घातलं?" पुढच्या खेपेला बागेकडच्या वाटेवर चिऱ्याचा गडगा उभा असतो. "तुका कोर्टातच खेचतंय!" इथून पुढे गाडी घसरणीला लागते.

थोरला दिवाणी न्यायालयात वाटप आणि मनाईचा दावा दाखल करतो. धाकटा कैफियत देतो, म्हणजे आपलं लेखी म्हणणं. मग मुद्दे निघतात, पुरावा होतो, उलटतपास होतो, युक्तिवाद होतो. निकाल लागला तरी पहिल्यांदा मिळतो तो प्राथमिक हुकूमनामा (हुकूमनामा म्हणजे न्यायालयाचा औपचारिक निर्णय). कुणाचा किती हिस्सा एवढंच त्यात ठरतं. प्रत्यक्ष जमीन वाटायचं काम, ती शेतसाऱ्याची असेल तर, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. मधेच हरलेला जिल्हा न्यायालयात अपील करतो. त्यानंतर उच्च न्यायालय. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्यामुळे आता घाट चढावा लागतो. रायगडकरांची मुंबई सुटलेली नाही.

एवढं करून जिंकलेल्याला ताबा मिळवायला पुन्हा 'दरखास्त' लावावी लागते. दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून मागणं. तोवर बाग म्हातारी होते. बागेची नीट निगा कुणीच राखत नाही, कारण उद्या ती आपली असेल याची कुणालाच खात्री नसते. दाव्याचा हा खर्च वकिलाच्या बिलात दिसत नाही, पण कोकणात सगळ्यात मोठा तोच.

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात हेच वेगळ्या रूपात दिसलं. भूसंपादनाचा मोबदला मंजूर झाला, पण हिस्सेदारांत एकमत नसेल तर राष्ट्रीय महामार्ग कायद्याप्रमाणे तो वाद दिवाणी न्यायालयाकडे पाठवावा लागतो. सरकारने पैसे द्यायचे ठरवलेत, जमिनीवर रस्ताही झालाय, आणि वारस एकमेकांविरुद्ध वकीलपत्रं देतायत असं चित्र.

लोकअदालत म्हणजे काय, आणि काय नव्हे

लोकअदालतीला कायद्याचा पाया आहे तो विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ याचा. तो लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ला. पॅनलवर कार्यरत किंवा निवृत्त न्यायाधीश असतात, सोबत वकील किंवा समाजकार्यातली व्यक्ती. समोर दोन्ही पक्ष बसतात. बोलणी होतात. जमलं तर तडजोड लिहून सह्या होतात आणि पॅनल त्यावर निवाडा देतं. हा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या बरोबरीचा मानला जातो. त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते.

नाही जमलं तर? काहीही बिघडत नाही. चालू दावा असेल तर तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. तुम्ही तिथे "दोन लाखांपर्यंत देईन" म्हणालात म्हणून न्यायालय ते तुमच्यावर लादत नाही.

लोकअदालतीला स्वतःहून निकाल देण्याचा अधिकारच नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. पंजाबमधल्या एका अपघात भरपाईच्या प्रकरणात लोकअदालतीने पक्षकारांची संमती नसताना रक्कम ठरवून टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये स्पष्ट केलं की संमती नसेल तर निवाडा नाही; लोकअदालतीचं काम न्यायनिवाडा करण्याचं नसून तडजोड घडवण्याचं आहे.

एक अपवाद लक्षात ठेवा. 'स्थायी लोकअदालत' ही वेगळी संस्था आहे. वीज, पाणी, टपाल, प्रवासी वाहतूक, दवाखाना, विमा अशा लोकोपयोगी सेवांबद्दलची तक्रार तिथे जाते, आणि तडजोड झाली नाही तर एक कोटी रुपयांपर्यंतच्या वादात ती स्वतः निर्णय देऊ शकते. नावातल्या सारखेपणामुळे लोक गोंधळतात.

मग त्या नोटिशीचं काय? दावा दाखल होण्याआधीची प्रकरणंही लोकअदालतीत ठेवता येतात. बँका, वीज कंपनी, ग्रामपंचायती याचा भरपूर वापर करतात. अशी नोटीस म्हणजे बोलणीचं आमंत्रण. गेलं नाही म्हणून कुणी पकडायला येत नाही. तरी जावं, असं माझं मत. थकीत कर्जाच्या व्याजात सूट मागायला त्या दिवसाइतका चांगला दिवस वर्षात चारदाच येतो, कारण बँकेच्या माणसालाही त्या दिवशी प्रकरणं मिटवायची असतात.

मध्यस्थी: सावकाश चालणारी वाट

लोकअदालतीची मर्यादा तिच्या वेगातच आहे. एका शनिवारी एका पॅनलपुढे प्रकरणांची थप्पी असते. चेकचं प्रकरण, अपघाताची भरपाई, बँकेचं कर्ज, म्हणजे ज्यात प्रश्न 'किती रुपये' एवढाच असतो, ते तिथे छान सुटतं. भावकीचा वाद तसा सुटत नाही. तिथे जमिनीखाली दुसरंच काही पुरलेलं असतं: आईच्या आजारपणात कोण आलं, कोण नाही, वहिनी काय बोलली, देवघर कुणाकडे राहिलं.

अशा वादासाठी मध्यस्थी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९नुसार न्यायालय चालू दावा मध्यस्थीकडे पाठवू शकतं. हे कलम आजच्या रूपात १ जुलै २००२पासून अमलात आहे. मध्यस्थ बहुधा प्रशिक्षण घेतलेला वकील किंवा निवृत्त न्यायाधीश असतो. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थांसाठी चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं. आधी तो सगळ्यांना एकत्र बसवतो, मग एकेकाशी स्वतंत्र बोलतो. स्वतंत्र बोलण्यात सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला कळत नाही. मध्यस्थीतलं बोलणं पुढे न्यायालयात पुरावा म्हणून येत नाही. धाकटा तिथे "गडगा घातला ती चूक झाली" असं म्हणाला, तरी उलटतपासात त्याला ते ऐकवता येणार नाही.

मध्यस्थ निकाल देत नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. फणस कापायला बसण्याआधी हाताला नि कोयत्याला तेल लावतात. तेल फणस कापत नाही. कापतो आपणच, गरे वाटतोही आपणच. तेलामुळे चीक हाताला चिकटून राहत नाही एवढंच. मध्यस्थाचं काम त्या तेलाचं.

इथे लवाद आणि मध्यस्थ यांत गल्लत होते. लवाद दोघांचं ऐकून निर्णय देतो आणि तो पाळावा लागतो. तो प्रकार बहुतेक व्यापारी करारांत आढळतो. भावकीच्या वादात तुम्हाला भेटणारा माणूस मध्यस्थ असतो.

न्यायालय देऊ शकत नाही असं काय मिळतं?

मला विचाराल तर तडजोडीचं खरं बळ इथे आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

न्यायालय दाव्यात मागितलं तेवढ्यावरच बोलतं. हिस्सा किती, मनाई द्यायची की नाही. आपल्या देवगडच्या भावांचं दुखणं मात्र हिश्श्यापेक्षा मोठं आहे. तडजोडीत ते असं लिहू शकतात: बागेचं उत्पन्न पाच वर्षं धाकट्याने घ्यावं आणि खर्च वजा जाता ठरलेला भाग थोरल्याला द्यावा, कारण कलमं त्याने जगवली, सहाव्या वर्षापासून आलटून पालटून. गडग्यात बेडं, म्हणजे ये-जा करायला फाटक, ठेवायचं आणि पेट्यांचा टेम्पो जाईल एवढी दहा फूट वाट कायम मोकळी. विहिरीच्या पंपाचं बिल निम्मं निम्मं. गणपती मूळ घरातच बसणार, थोरला कुटुंबासह येईल तेव्हा माजघर आणि पडवी त्याला. नवं घर बांधायचं झालं तर कुठल्या कोपऱ्यात, तेही. यातलं निम्मंसुद्धा कुठला न्यायाधीश निकालपत्रात लिहू शकणार नाही.

दिवाणी संहिता याला मुभा देते. तडजोडीत दाव्याबाहेरचे विषयही आणता येतात. मात्र एक खाच आहे. दाव्यात नसलेली एखादी स्थावर मिळकत तडजोडीत आली, समजा दावा बागेचा आणि तडजोडीत खालच्या मळ्यातला भातखाचरही वाटला, तर त्या जादा मिळकतीपुरता हुकूमनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. दाव्यातल्याच मिळकतीपुरती तडजोड असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. हा मुद्दा सुटला की पुढे तलाठी फेरफार घालत नाही, आणि मिटलेला वाद पुन्हा उकरला जातो.

जमिनीच्या तडजोडीत शब्द मोघम ठेवू नका. 'वरची बाजू', 'फणसाकडचा भाग' हे तुम्हाला कळतं; पन्नास वर्षांनी फणस नसेल. गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, झाडांची संख्या, वाटेची रुंदी, आणि मोजणीचा नकाशा जोडलेला. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्याच्या मर्यादेपेक्षा लहान तुकडे पडत असतील तर आधीच विचार करा. एकाने जमीन आणि दुसऱ्याने पैसे घेणं अशा वेळी बरं पडतं.

सह्या कुणाच्या?

कोकणातल्या तडजोडी फसतात त्या बहुतेक इथे. दोन भाऊ एकमेकांना मिठी मारतात आणि तीन बहिणींना कुणी विचारलेलंच नसतं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही. माहेरवाशीण चोळीबांगडीवर खूश आहे असं धरून चालण्याचे दिवस गेले. तिला हिस्सा नको असेल तर तसं तिने स्वतः म्हणावं आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. तिची सही नसलेली तडजोड तिला बांधत नाही.

अज्ञान वारस असेल, म्हणजे अठराच्या आतला, तर त्याच्या वतीने पालकाला परस्पर तडजोड करता येत नाही. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते आणि ती तडजोड मुलाच्या हिताची आहे हे न्यायालय तपासतं.

चाकरमान्यांसाठी एक सूचना. गावातल्या भावाच्या नावे करून ठेवलेलं जुनं कुलमुखत्यारपत्र तडजोडीला पुरेलच असं नाही. तडजोड करण्याचा आणि तिच्यावर सही करण्याचा अधिकार त्यात शब्दांत लिहिलेला हवा. शक्यतो स्वतः यावं. शिमगा, मे महिना, गणपती, या तीन वेळा सगळे गावात असतात. बैठकीची तारीख तशी मागून घेता येते. मागणाऱ्याने आधी मागायला हवी, रेल्वेच्या रिझर्वेशनसारखी.

"आमच्या गावात गावकीच मिटवते, मग कोर्ट कशाला?"

मिटवत असेल तर चांगलंच आहे. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २००७पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ग्रामसभांनी समित्या नेमल्या, आणि बांध-वाट-पाण्याचे बरेच तंटे पोलीस पाटील, सरपंच आणि जाणत्या माणसांनी बसून सोडवले. पण समितीच्या वहीत लिहिलेली तडजोड म्हणजे दोघांमधला करार. एकाने मोडला तर दुसऱ्याला त्यावर पुन्हा दावाच लावावा लागतो. २०२३च्या मध्यस्थी कायद्यातही गावपातळीवरच्या सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे, तीन मध्यस्थांचं पॅनल वगैरे. पण तिथल्या समझोत्याला हुकूमनाम्याची ताकद दिलेली नाही.

उपाय साधा आहे. गावात मिटलं की तोच कागद घेऊन तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा आणि पुढच्या लोकअदालतीत ठेवावा. दावा चालू असेल तर त्याच न्यायालयात तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोड झाल्याचं लेखी निवेदन, द्यावी. श्रेय गावकीचं, ताकद हुकूमनाम्याची.

गावकीची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. "गावाचा निर्णय मानला नाही तर वाळीत टाकू" ही तडजोड नव्हे. पालखी दारात येणार नाही, मयताला कुणी जाणार नाही, दुकानात माल मिळणार नाही, असा दबाव आणणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१७च्या जुलैपासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. रायगड जिल्ह्यातल्या वाळीत प्रकरणांनी त्या कायद्याच्या मागणीला जोर दिला होता, हे इथल्या वाचकांना आठवत असेल.

तडजोड म्हणजे पड खाणं नाही का?

हा आक्षेप मनातून येतो. "माझी बाजू शंभर टक्के खरी आहे, मी का सोडू?" खरी असेलही. पण न्यायालयात खरेपणा पुराव्याने ठरतो. आजोबांनी तोंडी वाटप केलं होतं हे सांगणारा शेवटचा साक्षीदार गेला की तुमची बाजू तेवढीच खरी राहते, पण लंगडी होते. दोन आकडे समोर मांडून बघावेत: जिंकलो तर काय मिळेल आणि कधी, आज मिटवलं तर काय मिळेल. दुसरा आकडा फारच लहान असेल तर खुशाल लढावं. कुणी रागावणार नाही.

काही वाद तर मिटवूच नयेत. खोट्या सह्या करून खरेदीखत केलं असेल, त्यात गंभीर फसवणूक असेल, तर ते न्यायालयात उघडं पडू द्यावं. फौजदारीत कायद्याने आपसांत मिटवण्याजोगे ठरवलेले गुन्हेच लोकअदालतीत येतात. न वटलेल्या चेकचा गुन्हा त्यात बसतो, बलात्कार किंवा बालकांवरचे लैंगिक अत्याचार कदापि नाही. 'मुलीच्या भल्यासाठी' असं म्हणत कुणी ते गावात मिटवू पाहत असेल तर तोच दुसरा गुन्हा समजावा. घरात मारहाण होत असेल तर बाईची सुरक्षितता आधी. तिला समोरासमोर बसायचं नसेल तर बसवू नये.

लोकअदालतीत दबाव आणतात म्हणे?

कधी कधी, हो. आकड्यांची घाई असते. "मिटवून टाका हो, किती दिवस भांडणार" असं वकील, कारकून, पॅनल सगळेच म्हणतात. अशा वेळी कागद हातात घेऊन पूर्ण वाचा. कळला नाही तर मराठीत समजावून मागा. वेळ मागा. नको असेल तर नको म्हणा. कारण सही झाल्यावर अपील नाही. फसवणूक झाली असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण ती वाट अतिशय अरुंद आहे आणि "मला तेव्हा नीट कळलं नाही" एवढ्यावर ती उघडत नाही.

वकील वगळून जावं का? मी तरी नाही म्हणेन. बोलणी तुम्ही करा, पण लिहिलेला मसुदा सहीपूर्वी वकिलाने वाचलेला असावा. परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. पूर किंवा मोठ्या आपत्तीत सापडलेल्यांनाही ही मदत मिळते, चिपळूणच्या २०२१च्या पुरानंतर हे कितीजणांना कुणी सांगितलं कोण जाणे.

सही करून समोरचा उलटला तर?

मग नव्याने दावा लावायचा नाही. लोकअदालतीचा निवाडा किंवा तडजोडीचा हुकूमनामा घेऊन थेट दरखास्त लावायची. तिला बारा वर्षांची मुदत आहे. चेकच्या फौजदारी प्रकरणात लोकअदालतीत तडजोड झाली असेल तरी तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये सांगितलं आहे. म्हणून तडजोडीत हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे लिहून ठेवा. 'सवडीने देईन' याची दरखास्त लागत नाही.

दाव्याआधीच मध्यस्थीला जाण्याची वाट २०२३च्या मध्यस्थी कायद्याने आणखी रुंद करायचं ठरवलं आहे: १२० दिवसांत मध्यस्थी पुरी, गरज पडल्यास आणखी ६०; सही झालेला समझोता हुकूमनाम्यासारखा; फसवणूक, तोतयेगिरी अशा कारणांनीच आणि ९० दिवसांत आव्हान. या कायद्याची कलमं एकदम न आणता टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं आणि पहिला टप्पा ९ ऑक्टोबर २०२३ला आला, त्यामुळे तुमच्या प्रकरणाला नेमकं काय लागू होतं ते अर्ज करतानाच विचारून घ्यावं.

अर्ज करायचा कुठे? तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. जिल्ह्याचं प्राधिकरण रत्नागिरीला, ओरोसला, अलिबागला जिल्हा न्यायालयाच्या आवारात. साध्या कागदावर दोन्ही पक्षांची नावं-पत्ते आणि वाद काय ते लिहिलं तरी चालतं. सोबत सातबारा, आठ अ, फेरफार, वारसांची यादी, आधीच्या दाव्याचा नंबर. हे गावात बसून जमत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करून कुठल्या खिडकीवर जायचं ते विचारता येतं. निवाडा मिळाला की त्याची प्रमाणित प्रत काढून त्याच आठवड्यात तलाठ्याकडे द्यावी, आणि फेरफार मंजूर होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.